अवघड जागेचं दुखणं

मराठीत आजार माणसाला होतो. त्याला ताप आलाय, तिला शुगर आहे, आजोबांना बीपी आहे. ‘ला’ हा एवढासा प्रत्यय माणूस आणि त्याचं दुखणं यांच्यामध्ये उभा राहतो, दोघांत थोडं अंतर ठेवतो. ताप उतरला की माणूस जागेवर शिल्लक असतो. पण पुरुषाला ताठरता येत नसेल, किंवा येऊन टिकत नसेल, तर हा प्रत्यय गळून पडतो. त्याला काही होत नाही, तोच काहीतरी होऊन बसतो. षंढ. नामर्द. नपुंसक. शोधून बघा, या त्रासाला आपल्या बोलीत एक साधं नाव सापडत नाही. माणसाला द्यायच्या शिव्या मात्र भरपूर.

वेड, आंधळेपण, लंगडेपण यांचंही पूर्वी असंच होतं. पण तिथं आपण भाषा थोडीफार दुरुस्त करत आलोय. इथं तेवढीही झटापट झाली नाही. पुस्तकात ‘लिंगशैथिल्य’ वगैरे शब्द असतात, पण तो शब्द तोंडात घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. (शाळेत नपुंसकलिंग शिकवताना मागच्या बाकांवर हशा पिकायचा. खुद्द ‘लिंग’ हा शब्दच मराठीत नपुंसकलिंगी आहे, ते लिंग, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तास तिथंच संपला असता.)

माझ्याकडे म्हणजे काउंटरवर. मी फार्मासिस्ट आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मामाचं मेडिकल आहे, तिथं गेली सात वर्षं मी उभा असतो. या गोळीसाठी येणारा माणूस लांबून ओळखू येतो. तो आधी क्रोसिन मागतो. दुकानात बाई असेल तर रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. मग मोबाइलवरचा फोटो पुढे करतो, किंवा नुसतं ‘ती निळी’ म्हणतो. बहुतेकांना ती मित्रासाठी हवी असते. हा मित्र मला अजून भेटलेला नाही.

त्यांच्याकडे बघून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे, तो इथं मांडतो. जी गोष्ट माणसाच्या हातात नाही, तिची त्याला लाज का वाटावी? आणि त्या लाजेपोटी तो पुढं जे काही करतो, ते तरी त्याच्या हातात आहे की नाही?

आधी मुळात काय घडतं ते बघू, कारण या विषयातलं अर्धं अज्ञान इथंच आहे. ताठरता म्हणजे ताकद, जोर, जोम असं आपण धरून चालतो. शरीरात घडतं ते जवळजवळ उलटं. मन उत्तेजित झालं किंवा स्पर्श झाला की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू सुटतो. त्यातून साखळीनं दुसरी रसायनं तयार होतात, आणि लिंगातल्या स्पंजासारख्या भागातले, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले बारीक स्नायू सैल पडतात. हो, सैल. एरवी ते आवळलेलेच असतात. ते सैल पडले की रक्त आत भरतं, स्पंज फुगतो, बाहेर जाणाऱ्या शिरा भोवतालच्या घट्ट आवरणाखाली दाबल्या जातात आणि आलेलं रक्त आतच अडकून राहतं. एवढाच सगळा प्रकार आहे. ज्याला आपण मर्दानगीचा पुरावा म्हणतो, तो शरीरानं मूठ सोडल्याशिवाय मिळत नाही.

आणि ती मूठ पुन्हा कशानं आवळते? भीतीनं. वाघ दिसला, बॉसचा फोन आला, ‘आता जमलं नाही तर?’ असा विचार आला, की ॲड्रिनॅलिनच्या कुटुंबातली रसायनं धावून येतात आणि रक्त हातापायांकडे वळवतात. वाघापुढे ही उत्तम सोय आहे. पलंगावर नाही. म्हणून जो जितका जोर लावतो तितकं त्याचं हुकतं. झोप यावी म्हणून डोळे गच्च मिटून प्रयत्न करणाऱ्या माणसासारखं.

शरीराचा हा एक भाग मालकाचं ऐकत नाही, हे फार जुन्या काळापासून माणसांना खुपत आलंय. पाचव्या शतकात संत ऑगस्टीननं त्यावर गंभीरपणे लिहिलं. हात उचल म्हटलं की उचलतो, मग हाच अवयव नको तेव्हा जागा का होतो आणि हवा तेव्हा ढिम्म का राहतो? त्याचं उत्तर असं, की आदिमानवानं देवाची आज्ञा मोडली, म्हणून त्याच्याच शरीराचा एक भाग आता त्याची आज्ञा मोडतो. शिक्षा म्हणून. मला हे उत्तर पटत नाही, पण प्रश्न नेमका वाटतो. त्यानं ओळखलं होतं की इथं इच्छाशक्तीची हद्द संपते. फक्त हद्द संपली तिथं त्यानं पाप आणून बसवलं.

अकराशे वर्षांनी फ्रान्समध्ये मॉन्तेन्यनं हाच विषय घेतला आणि तो जमिनीवर आणला. त्याच्या एका उमराव मित्राला लग्नाच्या रात्री आपल्यावर कुणी करणी करेल आणि आपल्याला काहीच जमणार नाही, अशी धास्ती होती. मॉन्तेन्यनं त्याला सोन्याचा एक चपटा तुकडा दिला, त्याबरोबर करायचा एक विधी सांगितला. तो निव्वळ थोतांड आहे हे मॉन्तेन्यला माहीत होतं. त्याचा उपयोग झाला! कारण दुखणं भीतीचं होतं आणि तुकड्यानं भीती घालवली. हे वाचल्यावर मला आमच्याकडचे ताईत आठवले आणि थोडा वेळ अस्वस्थ वाटलं. ताईतवाल्याला मी सरसकट लुच्चा म्हणतो. पण मॉन्तेन्यनं पैसे घेतले नव्हते, आणि मित्राचं हृदय, शुगर, रक्तवाहिन्या ठीक आहेत की नाहीत हे बघायची सोयच त्या काळी नव्हती. आज ती सोय दहा मिनिटांच्या अंतरावर असताना ताईत बांधणं ही वेगळी गोष्ट आहे.

विसाव्या शतकातही बराच काळ डॉक्टर हे बहुतांश मनाचंच दुखणं मानत. तो समज सैल करण्यात एका विचित्र व्याख्यानाचा वाटा आहे. १९८३ मध्ये लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद होती. जाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले. स्नायू सैल करणारं औषध लिंगात टोचलं तर मनात काही नसतानाही ताठरता येते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी औषध हॉटेलच्या खोलीतच स्वतःला टोचून घेतलं होतं. व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी पँट खाली केली आणि खात्री करून घ्या म्हणत श्रोत्यांच्या दिशेनं चालू लागले. वैद्यकाच्या इतिहासात याहून सभ्य पुरावे झाले असतील, याहून बिनतोड थोडेच. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनं इंग्रजीतला ‘इम्पोटन्स’ हा शब्द सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं असं सुचवलं. म्हणजे दोष माणसावरून उचलून क्रियेवर ठेवला. आपल्या ‘ला’ प्रत्ययाचं काम त्यांनी दोन बोजड शब्दांत केलं. १९९८ च्या मार्चमध्ये व्हायग्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. मुळात ती छातीच्या दुखण्यासाठी तपासली जात होती, तिथं फारशी चालली नाही. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला नोबेल मिळालं.

लोक मला हळूच विचारतात, ‘हे शारीरिक असतं की मानसिक?’ प्रश्नामागचा भाव असा, की शारीरिक असेल तर बिचारा, मानसिक असेल तर भित्रा. ही विभागणी मला मान्य नाही. वाढलेली साखर जितकी रासायनिक, तितकीच घाबरल्यावर रक्तात उतरणारी रसायनं रासायनिक. मनाचं कारण म्हणजे मनाचा गुन्हा नव्हे. शिवाय दोन्ही एकमेकांत मिसळतात. साखरेमुळे दोनदा फसलं की तिसऱ्यांदा भीती पुढे येऊन बसते.

तरीही कारण शोधावं लागतं, कारण त्यात जीव अडकलेला असू शकतो. आमच्या गावातले एक शिक्षक, पन्नाशीतले, वर्षभर हा त्रास घेऊन फिरत होते. एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना आले. मी गोळी देण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या: शुगर कधी तपासली, आणि जिना चढताना दम लागतो का. शुगर पाच वर्षांत बघितलेली नव्हती. जिभेखाली ठेवायची गोळी चालू नव्हती, पण दम लागत होता, तो ते वयावर ढकलत होते. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. शुगर खूप वाढलेली निघाली, पुढे सोलापूरला अँजिओग्राफी झाली आणि हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे सापडले.

यात चमत्कार काही नाही, नळाच्या व्यासाचा हिशोब आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. गंज सगळ्या नळांना एकदमच धरतो, पण बारीक नळ आधी तुंबतो. म्हणून पुष्कळ पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयाच्या तक्रारीच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. शरीरानं पाठवलेली ती आगाऊ नोटीस असते आणि आपण ती न फोडता गादीखाली सरकवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही कुरतडतो. त्यात तंबाखू, बीपी, वाढलेलं पोट, दारू. बीपीची आणि नैराश्याची काही औषधंही हा त्रास देतात, तेव्हा ती परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागतात. हा झाकून ठेवण्याचा आजार नाही हे कुणाला पटवायचं असेल तर मी एवढंच सांगतो.

ते शिक्षक बरे होऊन आले तेव्हा म्हणाले, “छातीत दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं रे.”

आता आपल्या वयाच्या मुलांकडे येतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण विशी-तिशीतले असणार आणि त्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा स्वच्छ असणार. एक साधी खूण लक्षात ठेवा. निरोगी पुरुषाला झोपेत रोज रात्री तीन-चार वेळा ताठरता येते, बहुधा स्वप्नांच्या टप्प्यात, आणि सकाळी उठताना ती जाणवते. सकाळचं सगळं ठीक आणि जोडीदारासमोरच गडबड, असं असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि भीती आड येतेय, याची शक्यता मोठी. सकाळचंही नाहीसं झालं असेल तर तपासण्या आधी.

माझ्या एका वर्गमित्राचं लग्न झालं. हळद, लग्न, वरात, गोंधळ, सत्यनारायण. चार दिवसांत नीट दहा तास झोप नाही. पूजेच्या रात्री खोलीबाहेर चुलतभावंडांचं खिदळणं, आत केशरदुधाचा ग्लास आणि जिच्याशी फोनवर जेमतेम दोन महिने बोललेला अशी एक मुलगी, तीही तितकीच दमलेली. जमलं नाही. यात नवल काय? नवल जमलं असतं तर. पण मोबाइलवर त्यानं जे बघून ठेवलं होतं त्यात कुणी दमलेलं नसतं, कुणी घाबरलेलं नसतं आणि कॅमेरा कधी थांबवला हे दाखवत नाहीत. दुसऱ्या रात्री तो शृंगार करायला गेला नाही, परीक्षेला गेला. तिसऱ्या रात्रीपासून त्यानं उशिरा घरी यायला सुरुवात केली.

तीन महिने तो तिच्याशी काही बोलला नाही. ती काय समजत होती? आपण त्याला आवडलोच नाही. तिनं केस कापले, वजन कमी करायला घेतलं, माहेरी विचारलं तर रडू लागली. घरातले ‘काही गोड बातमी?’ म्हणायला लागले ते वेगळंच. शेवटी दोघं पुण्याला एका लैंगिक समुपदेशकाकडे गेली. त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली? महिनाभर संभोग करायचा नाही. जवळ या, स्पर्श करा, पण तेवढं बंद. उपचाराची ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीनं रूढ केली. परीक्षाच रद्द केली की नापास व्हायची भीती जाते. ती भीती गेली की शरीर आपलं काम करू लागतं. त्यांचंही झालं.

इथं माझ्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. त्या रात्री जे झालं त्यात मित्राचा काडीचाही दोष नव्हता. पण त्यानंतरचे तीन महिने? शरीर गप्प बसलं ते त्याच्या हातात नव्हतं. तोंड गप्प बसलं ते होतं. लाज इतकी मोठी होती की तिनं तोंड दाबून धरलं, हे मला समजतं. पण लाजेची किंमत जिनं काहीच केलं नव्हतं तिनं मोजली, हेही दिसतं. समाजानं लाज लादली म्हणून आपली जबाबदारी शून्य होत नाही. कमी होत असेल.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर असंच एक तरुण जोडपं होतं. तो सत्तावीसचा, ती सव्वीसची. मार्च २०२३ मध्ये लग्न, सतराव्या दिवशी वेगळे. नवऱ्यानं आधी संबंध न येण्याचं खापर तिच्यावर फोडलं. नंतर लिहून दिलं की आपल्याला फक्त तिच्याबाबत हे जमत नाही, एरवी आपण ठीक आहोत. आपल्यावर सरसकट नपुंसकतेचा शिक्का बसू नये, ही त्याची धडपड होती. कुटुंब न्यायालयानं अर्ज फेटाळला होता. उच्च न्यायालयानं ‘सापेक्ष नपुंसकता’ ही कल्पना मान्य करून विवाह रद्द ठरवला आणि दोघांना मोकळं केलं. सापेक्ष म्हणजे एका व्यक्तीबाबत असणारी, सगळ्यांबाबत नसणारी.

निकाल मला शहाणपणाचा वाटतो. पण त्या मुलाचा प्रवास बघा. आधी तिचा दोष, मग फक्त तिच्यापुरता माझा दोष. सरळ ‘मला हा त्रास होतोय’ म्हणायला आपल्या भाषेनं त्याला जागाच ठेवली नव्हती, म्हणून तो या दोन खुर्च्यांमध्ये धडपडत राहिला. तिला मात्र यातली पहिली खुर्ची फुकट मिळाली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये शब्द आहे ‘नपुंसकता’. कायद्यानं तरी आता तो बदलावा.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये नवऱ्याला वैद्य आणि सुइणींच्या देखरेखीत संबंध करून दाखवावा लागे, नाहीतर लग्न मोडे. मार्की द लांजे नावाच्या सरदाराचं लग्न असंच १६५९ मध्ये मोडलं. त्यानं दुसरं लग्न केलं आणि त्याला सात मुलं झाली. या प्रकरणाची इतकी शोभा झाली की १६७७ मध्ये पॅरिसच्या न्यायसंस्थेनं ही परीक्षाच बंद केली. दाराबाहेर माणसं उभी असतील तर आत काय होणार! आमच्याकडे चुलतभावंडं असतात, एवढाच फरक.

मग लग्नाआधी सांगायचं का? माहीत असेल तर सांगायचं, यात मला दुमत वाटत नाही. पण बहुतेकांना लग्नाआधी माहीतच नसतं. आपण पत्रिकेतली नाडी जुळवतो, हातातली नाडी बघायला कुणी सांगत नाही. आणि सांगितल्यावर किंवा नंतर कळल्यावर बाईनं समजून घेऊन राहिलंच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही. तिलाही शरीर आहे. आपल्याकडे ही चर्चा मूल होणार की नाही एवढ्यावर येऊन थांबते (ताठरता आणि बीजाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही कित्येकांना ठाऊक नसतं), तिला काय हवं हे तिच्या आईलाही विचारावंसं वाटत नाही.

महाभारतातला पांडू मला यासाठी आवडतो. शाप मिळाला, स्त्रीसंगानं मरण ठरलं, तेव्हा त्यानं दोष कुंतीवर ढकलला नाही. तिच्याशी बोलला, तिनं तिच्याकडचा उपाय सांगितला, दोघांनी मिळून ठरवलं. (पुढं माद्रीच्या वेळी त्याचा संयम सुटला, ते निराळं.) आणि अर्जुन बघा. उर्वशीच्या शापानं एक वर्ष बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी मुलींना नाच शिकवत होता. त्याच वेषात त्यानं उत्तराचा रथ हाकला आणि कौरवांची सेना पळवून लावली. तरी पुढं कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवल्यावर कृष्ण त्याला फटकारतो ते ‘क्लैब्य’ म्हणून, म्हणजे षंढपणा. जो माणूस वर्षभर तसा राहून लढाई जिंकला, त्याला! तेव्हापासून आजपर्यंत आपल्या भाषणांत भ्याड सरकारला षंढ म्हणतात आणि बांगड्यांचा आहेर पाठवतात. रक्तवाहिनीचा धैर्याशी काय संबंध, आणि बांगडीचा भ्याडपणाशी काय?

या शिक्क्यावर एक मोठा धंदा उभा आहे. हायवेच्या कडेला जडीबुटीच्या बरण्या मांडलेले तंबू, रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरच्या रंगवलेल्या जाहिराती, आता त्याच जाहिराती रील्समध्ये. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हस्तमैथुनानं ‘धातू’ जाऊन माणूस खंगतो, ही भीती विकून हे लोक जगतात. नरेंद्र विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं गुन्हा ठरवली आहे, तुरुंगाची तरतूद आहे. भिंती तशाच आहेत.

उलट ज्यांनी खरं सांगितलं त्यांना कोर्टात उभं केलं गेलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झाला. पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स नव्वदी ओलांडल्यावरही वर्तमानपत्रात अशीच उत्तरं देत राहिले, विनोद करत. वत्सांची उत्तरं लोक हसण्यासाठी वाचायचे, असं म्हणतात. मला वाटतं पुष्कळजण हसण्याच्या आडून स्वतःचं उत्तर शोधत होते.

तंबूतल्या पुडीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. आयुर्वेदिक, हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये तपासणीत हीच अ‍ॅलोपॅथीची गोळी, सिल्डेनाफिल, लपवून घातलेली सापडली आहे. आणि हृदयरोग्याच्या जिभेखालच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीबरोबर सिल्डेनाफिल पोटात गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस दगावू शकतो.

म्हणून माझी रोजची अडचण. ही गोळी शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय मी देत नाही. पण ‘चिठ्ठी आणा’ म्हटलं की दहातले बरेचजण डॉक्टरकडे जात नाहीत, फाट्यावरच्या तंबूकडे वळतात. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात ना; तालुक्याच्या गावात प्रत्येक डॉक्टर कुणाचा तरी जावई किंवा साडू असतोच. माझे हात स्वच्छ राहिले, त्याच्या पोटात काय गेलं? मामा म्हणतो, “नियम तो नियम.” मलाही नियम पटतो. पण नियम पाळून माझं काम संपलं, असं मला म्हणवत नाही. म्हणून मी शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून ठेवलाय, जे इथं कुणाचेच नातेवाईक नाहीत. तो कागद क्रोसिनच्या पाकिटाबरोबर देतो. काहीजण जातात.

गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या. चाळिशीच्या, हातात पिशवी, दुकानात चार गिऱ्हाइकं. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. नवऱ्याची शुगरची औषधं, खाली ही गोळी. मी नेहमीच्या सवयीनं पट्टी कागदात गुंडाळायला लागलो.

“दादा, गुंडाळू नका, पिशवी आहे,” त्या म्हणाल्या. “ही जेवणाआधी द्यायची की नंतर?”

शेजारचे दोघं रस्त्याकडे बघू लागले. मी सांगितलं, भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते, तासभर आधी, हलकं खाऊन. आणि नुसती घेऊन काही होत नाही, मनात असावं लागतं, ती गोळी इच्छा आणत नाही, फक्त रस्ता मोकळा करते. छातीची कुठली गोळी चालू आहे का, हेही विचारलं. नव्हती. डॉक्टरांनी आधीच विचारलेलं होतं.

“म्हणजे त्या दिवशी आमटी-भाकरी नको,” त्या हिशोब करत म्हणाल्या. “मुगाची खिचडी टाकते.” मग पिशवीत हात घालून सुटे पैसे शोधू लागल्या. “आणि शुगर बघायच्या पट्ट्या द्या. पन्नासचा डबा असेल तर तोच द्या, परवडतो.”